सोबत पाच फोटो पाठवते आहे

लीड्स, रविवार

तीर्थरूप अप्पा आणि सौ. आई यांना सा. नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला. हे पत्र मुद्दाम अप्पांसाठी लिहिते आहे, आई, तुझं शेवटी आहे. फोनवर अप्पांना निम्मं ऐकू येत नाही, तरी ते "हो, हो" म्हणतात. मग तू मधे पडतेस, मी ओरडते आणि शेजारची बाई भिंतीवर टकटक करते. त्यापेक्षा हे बरं.

मी शनिवारी एकटी डोंगरात जाते असं दादाने सांगितलं म्हणे. डोंगर म्हणजे सातपुडा नव्हे. उघडी, गवताळ माळरानं, मेंढ्या, आणि त्यांतून जाणारी रेल्वे. स्टेशनावर उतरून पाच मिनिटं चालायचं. आणि एकटी कुठली? पन्नास-साठ माणसं असतात, बहुतेक अप्पांच्या वयाची. रुळांच्या जवळ कोणी जात नाही. चुना-माती न लावता दगडावर दगड रचलेली भिंत असते, तिच्या अलीकडे उभं राहायचं. आता काळजी पुरे.

मी जाते ते वाफेच्या इंजिनाची गाडी बघायला. अप्पा, हसू नका. इथे इंग्लंडात १९६८ च्या ऑगस्टमध्ये मेन लाइनवरची वाफेची इंजिनं बंद झाली. तुम्ही १९७६ ला भुसावळच्या इंजिन-शेडमध्ये लागलात. म्हणजे इथे लोक जे आठवण म्हणून जपायला लागले होते, ते तुम्ही पगारावर करत होता! आता ही इंजिनं सहलीच्या गाड्या ओढतात. तिकीट शंभर पौंडांच्या वर असतं, त्यामुळे मी आत बसत नाही, बाहेरून बघते. ते फुकट.

लाइन सेटल ते कार्लाईल. पॅसेंजर १८७६ पासून. मधे बंद करायला निघाले होते, लोक भांडले आणि १९८९ ला ती वाचली. तिच्यावर रिबलहेडचा पूल आहे, २४ कमानी, ३२ मीटर उंच. चढ १०० ला १, म्हणजे शंभर फुटांमागे एक फूट वर. हा आकडा इथली माणसं आवाज खाली आणून सांगतात. आपल्या कसाऱ्याच्या घाटात ३७ ला १ आहे हे मी अजून कोणाला बोललेले नाही, बिचाऱ्यांचं मन कशाला मोडा. पण हा चढ सेटलपासून जवळजवळ पंधरा मैल सलग आहे, भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला पाठ टेकायला जागा नाही. त्यातली गोम तुम्हालाच कळेल.

आता इथली एक गंमत नीट सांगते, कारण मला ती समजायला चार शनिवार लागले. गाडी बाराला येणार असेल तर माणसं नऊला येऊन बसतात. घडीची स्टुलं, थर्मास, पावसाचे कोट. जो आधी आला त्याची जागा. त्याच्या पुढे उभं राहायचं नाही, मागूनही विचारायचं, "मी इथे थांबले तर तुमच्या फोटोत येईन का?" तो म्हणतो, "नाही नाही, अजिबात नाही," आणि तोंड असं करतो की आपण आपोआप दोन पावलं सरकतो. नाव कोणी विचारत नाही. तीन तास शेजारी उभं राहून मला अजून एकाचंही नाव माहीत नाही, पण त्याच्या कुत्र्याचं माहीत आहे. बोलणं फक्त ढगांचं. गाडी आली आणि नेमका त्याच क्षणी ढग आला, तर सगळे एकदम हळहळतात, जशी आपल्याकडे शेवटच्या चेंडूवर विकेट पडावी. गाडीच्या मागे बऱ्याचदा एक डिझेल इंजिन लावलेलं असतं. ते फोटोत येऊ नये म्हणून कमानी मोजून जागा ठरवतात. धूर मात्र भरपूर हवा! थंडी जितकी जास्त तितकी वाफ पांढरी आणि दाट, म्हणून पारा उतरला की ही मंडळी खूश. मोबाइलवर गाडी कुठे पोचली ते दिसतं, तरी सगळे कान देऊन उभे. बायका खाली गाडीत बसून शब्दकोडं सोडवतात. तिथे बसायला जागा आहे आणि हीटर आहे, म्हणून मला वाटतं शहाण्या त्याच.

काल आलं ते इंजिन हिरवं होतं. नाव सांगू? 'ब्रिटिश इंडिया लाइन'. मुंबईहून आफ्रिकेला बोटी नेणारी बी. आय. कंपनी होती ना, तिच्या नावाचं. १९६४ ला सेवेतून काढून भंगारात टाकलं होतं, १९८० मध्ये लोकांनी विकत घेतलं आणि २०१७ ला पुन्हा रुळांवर आणलं. आधी आवाज आला, मग मेंढ्या उठल्या, मग पुलाच्या टोकाला वाफ. फायरमन बाहेर डोकावला. गळ्यात फडका, कोपरापर्यंत काळा हात. गाडी गेल्यावर माझ्या चहात काजळीचे दोन कण तरंगत होते. मी तो चहा प्यायले. आई, काही होत नाही त्याने.

मागच्या महिन्यात मी ॲपलबी स्टेशनला गेले होते. तिथे इंजिन पाणी घ्यायला थांबतं. इंजिनासोबत माणसांची एक टोळी असते, तेलपाणी, पुसणं, राख काढणं. त्यांतले बरेच बिनपगारी. हो आई, बिनपगारी. रविवार घालवून राख उपसतात आणि वर स्वतःच्या डब्यातलं खातात. त्यांतल्या एका आजोबांना मी म्हटलं, माझे वडील भारतात ब्रॉडगेजवर फायरमन होते. ते पाइप सोडून माझ्याकडे वळले. "कोणत्या इंजिनावर?"

मला सांगता येईना. त्यांनी वाट पाहिली, मग हसून पाण्याकडे वळले. मी तिथूनच दादाला फोन लावला, तर तो म्हणाला, "डब्ल्यूजी, आणि हे विचारायला आत्ता फोन केलास?" तोवर गाडी सुटली होती. नंतर वाचलं, पहिली डब्ल्यूजी इंजिनं तर इकडे ग्लासगोमध्येच बनली होती. त्या आजोबांना सांगायला हवं होतं. माझा जन्म झाला तेव्हा तुम्ही डिझेलवर गेला होता, हे खरं आहे. पण तुमच्या उजव्या हातावरचा डाग मी लहानपणापासून बघते आहे आणि तो कशाचा ते कधी विचारलं नाही, हेही खरं आहे.

असो. आई, आता तुझं. कॅमेरा जुना घेतला आहे, नवा नाही, आणि हप्त्यावर तर अजिबात नाही. घराचा हप्ता पाच तारखेला गेला, पावती दादाकडे आहे. कानाच्या मशीनचे पैसे वेगळे पाठवले आहेत, ते छताच्या डागडुजीत घालू नका. अप्पा, मशीन पेटीत ठेवायला घेतलेली नाही.

नाशिकच्या मुलाशी बोलले. मुलगा चांगला आहे, खोट काढायला जागा नाही. सुट्टीत काय करतेस असं त्याने विचारलं, मी खरं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या आईला एवढ्यात होकारही कळवू नको, नकारही कळवू नको. शीतलच्या लग्नाला मी येऊ शकत नाही, रजा मिळत नाही. मोठ्या काकूंना तूच सांग, मी सांगितलं तर त्या रडतील आणि मग मीही. दिवाळीचंही तसंच. अप्पांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आले नव्हते तेव्हाच म्हटलं होतं, पुढच्या खेपेला नक्की. फेब्रुवारीचं तिकीट बघते आहे. खरंच बघते आहे. फराळ पाठवू नको, पोस्टाचा खर्च फराळापेक्षा जास्त होतो. शेव पाठवलीसच तर थोडी पाठव.

तुमची,
सोनी

ता. क. अप्पा, तिसऱ्या फोटोत धूर एकदम काळा आहे, चौथ्यात तेच इंजिन, तोच चढ, आणि धूर जवळजवळ नाहीच. मधे फार तर अर्धा मिनिट. फायरमनने तेवढ्यात नेमकं काय केलं? माझ्या शेजारचा म्हणत होता वारा फिरला. मला ते पटत नाही. सविस्तर लिहा, आणि दादाला टाइप करायला लावू नका, तुमच्या हाताने लिहा.