जॅक लावून बघितल्याशिवाय भंगारवाल्याला बोलावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादर, माटुंगा, पार्ले इथल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की सोसायटीच्या नोटिशीत एक ओळ हमखास असते: आवारातील बंद वाहने अमुक तारखेच्या आत हलवावीत. त्यांत बहुतेक फियाट, मारुती आणि बजाज स्कूटर असतात, पण अधूनमधून ताडपत्रीखालून उघड्या टपाची एखादी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, ट्रायम्फ नाहीतर एमजी, निघते. आजोबांची किंवा काकांची. मग घरात दोन तट पडतात. एकाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची असते, दुसऱ्याला सुटे भाग विकून मोकळं व्हायचं असतं, आणि मुदत संपत आली की तिसराच कोणी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला फोन लावतो. जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो दरवर्षी छापून येतात. हा निर्णय कशावर घ्यायचा ते कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न बहुधा ‘इंजिन सुरू होतं का?’ असा असतो. इंजिनाचं नंतर बघता येतं. बोअर, क्रँक, व्हॉल्व्ह सीट ही कामं मुंबईत आजही होतात. गाडी उभी राहणार की सुटी होणार, हे ठरतं पत्र्यावर आणि कागदपत्रांवर. दोन्हींची पहिली तपासणी एका रविवारात उरकते.

पत्र्यापासून सुरुवात करू. एमजीच्या एमजीबी या मॉडेलला (उत्पादन १९६२ ते १९८०) वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. वर छप्पर नसल्यामुळे गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं काम सिलवर, म्हणजे दाराखालच्या आडव्या पोकळ पेटीवर, येतं. बाहेरून एकच पत्रा दिसतो. आत मधला उभा पत्रा, त्यामागे आतला सिल आणि खाली या सगळ्यांना जोडणारी दुमडलेली पट्टी असते. चाकाच्या कमानीतून उडालेला चिखल या बंद पेटीत साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात, त्यात आपली खारी हवा. गंज आतून सुरू होतो आणि रंगावर फोड दिसेपर्यंत मधला पत्रा गेलेला असतो. जमिनीपर्यंत लोंबणारी प्लास्टिकची ताडपत्री त्यात भरच घालते, कारण खालची वाफ आतच अडकते.

तपासायला लोहचुंबक, स्क्रू ड्रायव्हर, पट्टी आणि जॅक एवढंच लागतं. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून तो सिलवरून, दाराच्या खालच्या कडेवरून, पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी (भरलेली पुट्टी) आहे. मग गालिचे उचला. त्याखालचं ज्यूट किंवा फेल्ट वर्षानुवर्षं ओलं राहतं. फरशीचा पत्रा सिलला जिथे मिळतो त्या कडेला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भदाड आवाज आला तर टोकाने दाबून बघा. मागच्या पाटा स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे बॉडीला अडकवलेलं आहे ती जागा खाली झोपून टॉर्चने बघाच, कारण ती गेली की मागचा अॅक्सल जागा सोडतो. शेवटी दार बंद करून मागच्या फटीची रुंदी वर आणि खाली मोजा. जॅकच्या ठरलेल्या जागी मध्ये लाकडाची फळी ठेवून त्या बाजूची चाकं उचला, पुन्हा मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालेल. दोन-तीन मिलिमीटर सरकलं, किंवा दार उघडता उघडेना, तर त्या बाजूच्या सिलमध्ये जीव नाही. जॅकच पत्र्यात घुसला तर मोजायचं काही उरत नाही.

ट्रायम्फ स्पिटफायरला चासी वेगळी आहे म्हणून अनेक जण निश्चिंत असतात. तिची चासी ट्रायम्फच्याच हेराल्ड या मॉडेलवरून घेतलेली, पण हेराल्डच्या चासीला बाजूचे दांडे आहेत आणि स्पिटफायरला नाहीत. तिथे ते काम सिलच करतात. म्हणून स्पिटफायरचे सिल बदलताना बॉडी चासीवरून कधीही उचलू नये. उचलली तर ती मधोमध दबते आणि दारं पुन्हा बसत नाहीत.

सिल गेले म्हणजे गाडी गेली असं नव्हे, पण काम नीट व्हायला हवं. गाडी चारी चाकांवर उभी ठेवायची. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कडीच्या खांबापर्यंत, चौकोनी पाइपचा आडवा-तिरपा आधार वेल्ड करायचा. एका वेळी एकच बाजू कापायची. ताकदीच्या पत्र्याला १८ गेज, वरच्या पत्र्याला २० गेज. को-टू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने आधी फक्त टाके मारायचे, दार बसवून फट बघायची, मगच थोडं थोडं अंतर सोडून शिवण पुरी करायची. एका दमात ओढली तर उष्णतेने पत्रा वाकतो. प्रत्यक्षात अनेक गॅरेजांत जुन्या गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवतात, कडेने गॅस वेल्डिंग मारतात, वर लांबी आणि त्यावर काळा अंडरकोट. दोन पावसाळ्यांत फोड परत येतात. मेस्त्रीला ‘जुना पत्रा कापून बाहेर काढणार का?’ एवढंच विचारा. तो काय उत्तर देतो त्यावरून गॅरेज ठरवा.

पत्राकाम आणि रंग यांवरच निम्म्याहून जास्त खर्च होतो, हे धरून चाला. मेस्त्री सांगेल त्या आकड्यात निम्म्याने भर घाला, कारण जुना रंग उतरवल्यावर आणखी भोकं निघतातच. सँडब्लास्टिंग चासीला आणि जाड भागांना ठीक. बॉनेट, दारं यांच्या पातळ पत्र्याला ते लाटा आणतं, तिथे रंग उतरवायचं रसायन वापरावं. आणि हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढूच नये. उघडा पत्रा मुंबईच्या दमट हवेत काही तासांत लाल पडतो, म्हणून ब्लास्टिंग झालं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे.

आता इंजिन. एमजीबीचं १७९८ सीसीचं आणि आपल्या अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ही एकाच घराण्यातली, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजची. त्यामुळे सुटे भाग मिळेनात तेव्हा एमजीत अँबॅसडरचं इंजिन टाकून दिवस काढल्याची उदाहरणं आहेत. इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. जुळला नाही तर मूळ ब्लॉक माळ्यावर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात पडलाय का ते शोधा. तो सापडला तर गाडीच्या किमतीत चांगलाच फरक पडतो.

जाम इंजिनाला बॅटरी जोडून स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं मिसळून २५-३० मिली ओता, आठवडाभर थांबा, मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून मागे-पुढे हलकं हलवा. सुटलं की रॉकर कव्हर काढून सगळे व्हॉल्व्ह हलतात का बघा. एक जरी अडकला असेल तर पुश रॉड वाकतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना चारही प्लग बाहेर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. चार आकड्यांत दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅसकेट.

ट्रायम्फच्या इंजिनात आणखी एक खोड आहे. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजून खाली पडतात आणि मग क्रँक ब्लॉकच खाऊ लागतो. कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची पुली बघा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर इंजिन उघडल्याशिवाय चालवू नये. तसंच पुढच्या चाकांच्या ट्रनियनचं, म्हणजे चाक वळतं त्या खालच्या सांध्याचं. त्यात गिअर ऑइल घालायचं असतं, आपल्याकडे ग्रीस मारतात. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आतला खांब गंजतो आणि वळणावर तुटून चाक आडवं होतं. हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड कंपनीत तयार होत असे, त्यामुळे हे भाग जुन्या साठ्यात शोधण्यात अर्थ आहे. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांना ‘स्पिटफायर’ सांगू नका, ‘हेराल्ड’ सांगा. आणि पेट्रोलची सगळी रबरी नळी न बघताच बदला. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, गळतं, आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो.

नव्वदीच्या दशकाअखेरची गोव्याची सॅन स्टॉर्म कोणाकडे असेल तर वरचं पत्रापुराण तिला लागू नाही, कारण तिची बॉडी फायबरग्लासची. फक्त खालचा लोखंडी सांगाडा तपासा.

कागदपत्रांत सर्वांत आधी चासी नंबर. एमजीबीत तो बॉनेटखाली रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो, आणि पत्राकामात ती पट्टी काढून डब्यात टाकली की हरवते. काम सुरू करण्यापूर्वी फोटो आणि पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) घेऊन ठेवा. आरसी बुक वारलेल्या व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या. ते न करता गाडी विकलीत तर घेणाऱ्याला पुढे काहीच करता येत नाही. परदेशी वकिलातीकडून किंवा लिलावातून आलेली गाडी असेल तर कस्टम ड्युटी भरल्याचा कागद शोधा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायचा विचार असेल तर हा मार्ग नाही.

पत्रा आणि कागद या दोन गोष्टींचा मेळ घातला की निर्णय फार अवघड राहत नाही. कागद साफ आणि पत्रा दुरुस्त होण्याजोगा असेल, तर इंजिन जाम असलं तरी गाडी तोडणं हा करंटेपणा. कागद आहेत पण एमजीबीची बॉडी पूर्ण गेली, तर ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून जुन्या साच्यांवर नव्या बॉडी बनवते. पण जहाजभाडं, कस्टम ड्युटी आणि आरटीओतली ओळख पटवण्याची खटपट बघता ती वाट फार थोड्यांना परवडते. पत्राही नाही आणि कागदही नाहीत, तेव्हा मात्र सुटे भाग करण्याला पर्याय नाही.

त्यातही घाई नको. गाडी अख्खी असेपर्यंत तिला गाडी उभी करणारे आणि सुटे भाग घेणारे असे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक आहेत. एकदा सुटी झाली की एकच उरतं. आधी ती अख्खीच, दाता-गाडी म्हणून, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाला विकायचा प्रयत्न करा. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाकडे विचारपूस केली तर असा माणूस सापडण्याची शक्यता आहे. सुट्या भागांत उठाव असतो तो तारेच्या चाकांना, जोडीच्या एसयू कार्ब्युरेटरना, ओव्हरड्राइव्हच्या गिअरबॉक्सला, काचेच्या चौकटीला, टपाच्या सांगाड्याला, मीटरना. गंजलेली मडगार्डं, फरशी, फाटक्या सीट कोणी घेत नाही. अख्खी गाडी एका पार्किंगमध्ये मावते, सुटी केली की तिला एक खोली लागते, आणि शेवटचा भाग विकला जाईपर्यंत खोलीचं भाडं चालू राहतं. मुंबईत हा हिशेब भल्याभल्यांचा चुकतो.

सांगाडा भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नका. नोंदणी तुमच्या नावावर राहते आणि तो चासी नंबर उद्या कुठे निघेल सांगता येत नाही. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५खाली नोंदणी रद्द करून घ्या. कोणते भाग आधी काढलेले चालतील हे केंद्राला अगोदर विचारा. नंबर असलेला ब्लॉक नोंदणी रद्द होण्यापूर्वी विकू नये.

एक मागणी परिवहन विभागाकडे. व्हिंटेज नियमांत गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठी फेरफार-दुरुस्ती नसावी अशी अट आहे. समुद्रकाठी पन्नास वर्षं काढलेल्या गाडीचे सिल मूळचे असूच शकत नाहीत. मूळ मापाचा सिल व फरशी बदलणं आणि सिलिंडर बोअर करणं हे दुरुस्तीत मोडतं, एवढं विभागाने एका पानाच्या परिपत्रकात स्पष्ट करावं. तोवर मालकांनी कापण्यापूर्वीचे, आधार लावल्यावरचे आणि नवा पत्रा बसल्यावरचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत आणि बिलांसह फाइलला लावावेत.

आपला,
जुन्या मोटारींचं काम करणारा एक वाचक,
दादर, मुंबई