भाऊची गोळी

प्रिय गज्या,

पोळ्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणतो आहे. फोनवर बोललो असतो, पण वहिनी आसपास असते आणि हे तिच्यासमोर बोलवत नाही. मी बरा, आई बरी, तिचे गुडघे तसेच.

भाऊला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अटॅक आला, हे तुला ठाऊकच आहे. पोरांचे लाकडी नंदी दारात आणि भाऊ ओट्यावर आडवा. (तुझ्या नंदीचं चाक मी मोडलं नव्हतं, हे आजही सांगतो.) नागपूरला स्टेंट टाकला, पिशवीभर गोळ्या घेऊन घरी आलो. त्यातली मेटोप्रोलॉल त्याला पहिल्यापासून नकोशी. "हे खाल्ली का पाय उचलत नाहीत बे. नांगराच्या तासात बसलेल्या बैलावानी झालं माहं." त्यात आपल्या पीटी सरांची तीच गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केलेली.

आणि मी काय केलं? दिवाळीत जागलीवर होतो दोघं, तुरीतली डुकरं हाकलत. मोबाईलवर बातमी दिसली: स्पेन आणि इटलीतल्या 8,505 रुग्णांवर अभ्यास झाला, अटॅकनंतर बीटा-ब्लॉकर (भाऊची मेटोप्रोलॉल त्याच घराण्यातली) दिलं काय, न दिलं काय, मृत्यूत किंवा दुसऱ्या अटॅकमध्ये फरक पडला नाही. मी ती भाऊला मोठ्यानं वाचून दाखवली. किती खुश झाला गज्या! "पाय, मी म्हनत नव्हतो?" दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. पाकिटातल्या गोळ्या कमी होत नाहीत हे मला दिसत होतं. मी गप्प राहिलो.

पाचव्या दिवशी कापूस वेचताना त्याची छाती दाटून आली, धडधड, घाम. गाडीत घातलं. नवा अटॅक नव्हता, पण नाडी 130. डॉक्टर मॅडमनी विचारलं, गोळी कोणी बंद केली? भाऊ म्हणाला, "म्याच." माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

त्या रात्री वॉर्डाबाहेर बसून बातमी शेवटपर्यंत वाचली. तो अभ्यास हृदयाचं पंपिंग 40 टक्क्यांच्या वर असलेल्यांचा. पीटी सरांचं 58 आहे. भाऊच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, 35. मॅडमनी सांगितलं, अशा अशक्त हृदयांवर 2001 साली कार्व्हेडिलॉलचा अभ्यास झाला होता, त्यात शंभरातले मृत्यू 15 वरून 12 वर आले. कार्व्हेडिलॉलही याच घराण्यातली गोळी. शंभरातली तीन माणसं, गज्या. त्यातला एक आपला भाऊ असू शकतो.

आणि एकदम सोडणं तर फारच वाईट. अॅड्रेनॅलिन म्हणजे हृदयाला पळवणारं शरीरातलं रसायन; ही गोळी त्याला हृदयापाशी अडवते. महिनोन्महिने अडवलं की हृदय अॅड्रेनॅलिन पकडायच्या जागा वाढवून ठेवतं. गोळी अचानक थांबली की त्या साऱ्या जागा एकदम मोकळ्या, मग हृदय उधळतं. बंद करायचीच तर थोडी थोडी, डॉक्टरांच्या नजरेखाली. थकव्याचं मॅडमना आधीच सांगितलं असतं तर मात्रा बदलता आली असती. आता अर्धी करून रात्री दिली आहे, पुढे सोसेल तशी वाढवणार. भाऊ आता खळ्यापर्यंत चालून येतो.

2017 आठवतं? बोंडअळीचं वर्ष, फवारणीनं आपल्या जिल्ह्यात माणसं मेली. तू म्हणालास, डब्यावरचा कागद पूर्ण वाच, अर्धं वाचून शहाणपणा करू नको. मी दोन महिने बोललो नाही तुझ्याशी. तेच वाक्य त्या रात्री कानात होतं.

पोरीची दहावी कशी चालली आहे? फ्लॅटचा ताबा मिळाला का? काकूंना नमस्कार सांग.

वहिनी रोज भाऊला बोलते, कोणाचं ऐकत नाही म्हणून. तो खाली मान घालून ऐकतो आणि मी तिथेच जेवत असतो. घास उतरत नाही. तिला सांगायचं ठरवलं आहे. संक्रांतीला ये. सांगताना तू शेजारी हवास.

तुझा,
विन्या