तेल असंच असतंय

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बंड्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर हे सांगायला लागलो तर तू मधेच हसणार आणि मी मुद्द्याचं गिळून टाकणार, म्हणून कागद घेतला. गणपतीनंतर एकही फोन केला नाही, त्याच्या शिव्या पोचल्या असं समज. बीपी ठीक, गोळी चालू, गुडघा आहे तसाच.

झालंय ते तेलावरून. तुला नाही सांगायचं तर कुणाला?

थोरलीनं बेंगळूरहून हुकूम सोडला, "बाबा, गोडंतेल कमी करा, ऑलिव्ह ऑइल आणा." ज्याचं अर्धं आयुष्य शेंगतेलाच्या डब्यावर बसून गेलं त्याला हे ऐकायचं होतं. गेलो टिळकवाडीतल्या त्या नव्या सुपरमार्केटात. पहिल्यांदा आणली ती त्यातल्या त्यात स्वस्त. घरी येऊन चष्मा लावला तर बारीक अक्षरांत 'पोमेस'. पोमेस म्हणजे काय ठाऊक आहे? पेंड! ऑलिव्हचं तेल निघाल्यावर जो चोथा उरतो त्यात सॉल्व्हंट घालून ओढायचं, रिफाइन करायचं आणि चवीपुरतं चांगलं तेल त्यात टाकायचं. फसवणूक म्हणता येत नाही, लिहिलेलं असतंय. पण पेंडीच्या तेलाला मी सहाशे रुपये मोजले हे अण्णांना कळतं, तर फोटोतून खाली उतरले असते. 'लाइट' लिहिलेली बाटलीही होती शेजारी. लाइट म्हणजे चरबी कमी असं मला वाटलेलं. तर नाही, रिफाइन केल्यामुळं रंग-वास हलका, एवढंच. चरबी तेवढीच.

मग हट्टाला पेटलो आणि 'एक्स्ट्रा व्हर्जिन' आणलं, म्हणजे रिफाइन न केलेलं, सगळ्यात वरच्या दर्जाचं. एकावर एक फुकट होतं. (हस. बेळगावच्या माणसाला फुकट म्हटलं की पुढचं दिसत नाही, हे तूच म्हणायचास.) पांढरी काच, वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या नाकाखाली. 'इटलीत भरलेलं' असं ऐटीत छापलेलं. फळ कुठलं ते मागे, 'युरोपीय आणि बिगरयुरोपीय देशांतल्या तेलांचं मिश्रण'. कधी वापरून संपवायचं ती तारीख आहे, पण फळ कधी तोडलं ते नाही.

घरी वाटीत ओतलं. तळहातावर धरून ऊब दिली, वर दुसरा तळहात झाकला, मग नाक लावलं. अगदी अण्णा करायचे तसं. गंमत म्हणजे तिकडचे पट्टीचे चाखणारेही असंच करतात. 8 ते 12 जणांचं मंडळ बसतं, पेला निळ्या काचेचा, का तर रंग बघून मत बनू नये. तेल 28 अंशांपर्यंत कोमट केलेलं. आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत असली, कागदावरचे सगळे आकडे जुळले, तरी या मंडळाला एखादा दोष लागला की 'एक्स्ट्रा' गेलं. म्हणजे शेवटचा शब्द नाकाचा! अण्णांना उगाच अडाणी म्हणत होतो आपण.

तर वास. ताज्या तेलाला कापलेल्या गवताचा, हिरव्या फळाचा वास हवा, जिभेला कडवटपणा हवा, आणि गिळल्यावर घशात मिरची लागल्यागत ठसका. त्या ठसक्याचं द्रव्य ओलिओकँथाल. ते इबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीसारखं काम करतं, असं 2005 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. माझ्या वाटीला मात्र वास आला तो समईत आठवडाभर राहिलेल्या तेलाचा. ठसका नाही, कडू नाही, नुसतं खवट.

मग फ्रिजची परीक्षा. खरं असेल तर गोठतं, असं कुणीही सांगतं. रात्रभर ठेवली बाटली, कुंद्याच्या डब्याशेजारी. सकाळी गोठलेली! मी खूश, आणि हिनं कुंद्याला तेलाचा हात लागला म्हणून माझी काढली. पुढं कळलं की या परीक्षेला काही अर्थ नाही. खरं तेलही कधी नीट गोठत नाही आणि मिसळीचंही गोठतं. आपलं शेंगतेल डिसेंबरात डब्यात थिजायचं, म्हणून ते काय ऑलिव्ह झालं?

तू म्हणशील, भेसळ. मीही तेच धरून बसलो होतो, पण ते तितकं सोपं नाही रे. 2010 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठानं तिथल्या दुकानांतल्या बाटल्या तपासल्या. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणून विकल्या जाणाऱ्या परदेशी नमुन्यांतले 69 टक्के चवी-वासाच्या कसोटीत नापास. कारणं काय, तर काहींत स्वस्त रिफाइंड ऑलिव्हची मिसळ असेल, पण जुनं झालेलं, ऊन-उजेड खाल्लेलं, मुळात खराब फळाचं तेलही तितकंच. म्हणजे माझी बाटली खरी ऑलिव्हचीच असेल आणि तरी वरचं नाव खोटं असेल. चोर पकडायला गेलो आणि म्हातारा सापडला!

आता ऐक. मी बाटली घेऊन दुकानात परत गेलो. काउंटरवरचं पोरगं विशी-बाविशीचं. तो कन्नडात, मी मराठीत, शेवटी दोघंही मोडक्या हिंदीत. सीमाप्रश्न असाच सुटतो आपला. खवट आहे म्हटलं. त्यानं तारीख दाखवली, अजून दहा महिने. म्हटलं, कडू लागत नाही. तर तो फळीवरच्या एका काळ्या बाटलीकडं बोट दाखवून म्हणतो, "अंकल, कडवा वो है. लोग वापस लाते हैं." म्हणजे चांगलं तेल लोक परत आणतात, कडू म्हणून! आणि मग माझ्या बाटलीचं झाकण लावत, नजर न उचलता म्हणाला, "ये तेल ऐसा ही होता है."

बंड्या, मी तिथंच गप्प झालो. मागे तिघंजण उभे होते. बाटली पिशवीत घातली आणि चालत घरी आलो.

कारण ते वाक्य माझं होतं. 1986, कन्नडसक्तीच्या आंदोलनाचं साल, आमचं तेलाचं दुकान दिवसाआड बंद. तुझी आई बरणी घेऊन आली, भज्यांना वेगळाच वास येतोय म्हणाली. मी नरसाळं पुसत होतो. मान वर न करता म्हटलं, "मावशी, तेल असंच असतंय." तिनं बरणी पिशवीत घातली, महिन्याची उधारी तिथल्या तिथं चुकती केली आणि पुन्हा कधी आली नाही.

आणि आठवड्यानं तू परीक्षानळी घेऊन. कॉलेजच्या लॅबमध्ये चोरून हॅल्फेन टेस्ट केलेली, गंधक आणि कार्बन डायसल्फाइडची, तास-दीड तास उकळून. लालभडक. म्हणजे शेंगतेलात सरकीचं तेल. मी म्हटलं तुझी नळी धुतलेली नव्हती. तू म्हणालास, "तुझा बाप चोर." होळीपर्यंत बोललो नाही आपण, आणि माझा स्वेटर तू अजून दिलेला नाहीस.

तर आज लिहितोय. नळी धुतलेली होती. सरकीचा डबा अण्णा आणायचे, पण रात्री शटर ओढून ओतायचो मी. तीन डब्यांना एक. त्या वर्षी शेंगदाणा चढला होता वगैरे सगळं खरं, पण मावशीला समोर बघूनही मी ते वाक्य बोललो, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

ती काळी बाटली दुसऱ्या दिवशी आणली, पाव लिटर, तोडणीचा महिना छापलेली. असा ठसका लागला की ही तांब्या घेऊन धावली. थोरलीचं समाधान झालं. फोडणीला मात्र गोडंतेलच.

सूनबाईच्या नोकरीचं कळलं, छान झालं. तुझं मोतीबिंदूचं दोन्ही डोळ्यांचं एकदम करू नकोस. बाकी भेटीत.

वडगावातल्या लाकडी घाण्यावर परवा स्वतः उभा राहून शेंगा घालून तेल काढून घेतलं. दोन लिटर, कॅनला घट्ट बूच मारलंय, पुण्याच्या रातराणीनं पाठवतोय. तुला हवी तर हॅल्फेन कर. पण आधी मावशीला वाटीत दे, आणि वास घेऊन ती काय म्हणाली तेवढं कळव.

तुझा,
दिल्या