वाफसा शिकवणाऱ्या मावशींना

मावशी,

जुलैमध्ये भर पावसात एक बाई रिक्षातून मलूल मनी प्लांटची मोठी कुंडी घेऊन तुमच्या नर्सरीत उतरली होती. ती मी. त्या दिवशी तुमच्यापुढे गिऱ्हाईकं उभी होती आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, त्यामुळे धड आभारही मानले नाहीत. आता मानते, आणि सगळ्यांसमोर मानते, कारण तुम्ही जे दाखवलंत ते आणखी चार घरांतल्या कुंड्या वाचवेल.

तो मनी प्लांट माझा नव्हता. समोरच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या, जाताना घराची चावी आणि ही वेल माझ्या हवाली केली. खिडकीच्या गजांवरून दाराच्या चौकटीपर्यंत त्यांनी ती सात-आठ वर्षं चढवत नेली होती. मी रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालायचे. तिसऱ्या आठवड्यात पानांनी माना टाकल्या. तहान लागली असेल म्हणून संध्याकाळीही पाणी सुरू केलं. एका दुकानात विचारलं तर त्यांनी खताची पुडी दिली, तीही घातली. मग खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. काकूंचा फोन यायचा, बाळाचं सांगून झालं की विचारायच्या, "वेल कशीय गं?" मी "छान आहे" म्हणायचे आणि ते मला फार लागायचं.

तुम्ही आधी पानांकडे पाहिलंच नाहीत. कुंडी उचलून वजन बघितलंत, मग मातीत दोन पेरं बोट घातलंत. "माती ओली आणि पानं मलूल, म्हणजे ही तहान नाही. मुळं गेलीत." पिठ्या ढेकूण, म्हणजे ती पांढरी कीड, नाही ना, हे पानं उलटी करून पाहिलंत. मातीवर उडणारी बारीक चिलटं मला दाखवलीत. वेलीची कुंडी ज्या शोभेच्या कुंडीत ठेवली होती, त्या बाहेरच्या कुंडीला भोकच नव्हतं. तिच्या तळाशी चार बोटं पाणी साचलेलं होतं.

पाणी घालूनही झाड सुकतं कसं, हे मला कळेना. तुम्ही तुमच्या रानातल्या उसाचं सांगितलंत. सरीत पाणी तुंबून राहिलं की पाण्यात उभा असूनही ऊस पिवळा पडतो, कारण मुळांनाही हवा लागते. हवा संपली की मूळ कुजतं, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. "माती ओली पण मोकळी पाहिजे, ताई. म्हणजेच वाफसा पाहिजे." हा शब्द मी पेरणीच्या बातम्यांत वाचला होता. तो घरातल्या कुंडीलाही लागू आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. खरंच तहानलेलं झाड कसं ओळखायचं, तेही तुम्ही सांगितलंत: कुंडी हलकी लागते, माती कडेपासून सुटते, आणि पाणी दिलं की काही तासांत पानं उभी राहतात.

मग तुम्ही कुंडी आडवी करून वेल बाहेर काढलीत. तो वास अजून आठवतो. काळपट मूळ चिमटीत धरून ओढलंत तर साल निघून आली आणि आत दोरा उरला. पांढरी, टणक मुळं मूठभरही नव्हती. कात्री स्पिरिटने पुसून तुम्ही कुजलेलं सगळं कापलंत. मी हात पुढे केला तर आधी हातमोजे दिलेत. हे अळूच्याच कुळातलं, चीक लागला तर खाजेल म्हणालात. वेलही निम्मी छाटलीत. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण उरलेल्या मुळांना एवढी पानं पोसणं जमणार नाही, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. नवी कुंडी मी मोठी मागत होते, तुम्ही लहान मातीची दिलीत, कारण जास्त माती जास्त दिवस ओली राहते. भोकावर खापरी ठेवलीत, माती, कोकोपीट आणि जाड वाळू सारख्या मापाने घेतलीत. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नका, नवं पान येईपर्यंत खत नको, आणि ऊन नको पण उजेड भरपूर हवा, असं दोनदा बजावलंत.

छाटलेल्या वेलीची तुम्ही उसासारखी दोन डोळ्यांची टिपरी केलीत, म्हणजे दोन-दोन गाठी असलेले तुकडे. खालचा डोळा पाण्यात, पान पाण्याबाहेर. घरी काचेच्या बरणीत ठेवून मी दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलत राहिले. तिसऱ्या आठवड्यात पांढरी मुळं दिसली तेव्हा मी काकूंना फोन करून पहिल्यापासूनचं सगळं खरं सांगितलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ती शोभेची कुंडी मीच आणली होती गं, जायच्या आदल्या दिवशी."

तुम्ही मला त्या दिवशी सहज नवा मनी प्लांट विकू शकला असतात. रांगेतली माणसं थांबवून अर्धा तास तुम्ही चिखलात हात घातलात आणि पैसे घेतलेत ते फक्त कुंडीचे.

काकू परवा परत आल्या. रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे येतेय. त्यांना तुमच्याकडची जाड वाळू हवीय, आणि नवी पानं पहिल्यापेक्षा लहान का निघतायत, हे मला विचारायचंय.

तुमची,
मनी प्लांटवाली ताई