दहावीच्या प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा फोटो मिळावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीची परीक्षा तोंडावर आली की आपल्याकडच्या निवासी शाळांमध्ये आणि मुलांच्या वसतिगृहांमध्ये निरोप समारंभांची लगबग सुरू होते. प्रास्ताविक होते, नववीची मुले स्वागतगीत म्हणतात, पाहुण्यांचे मार्गदर्शन होते, दहावीची एक-दोन मुले मनोगत सांगता सांगता रडतात आणि जेवणाच्या पंगती बसण्याआधी ग्रुप फोटो निघतो. हे पत्र त्या ग्रुप फोटोविषयी आणि त्यात धड न दिसणाऱ्या मुलांविषयी आहे. माझी विनंती एकच आहे. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे, मग तो पहिला येणारा असो की काठावर पास होणारा, एक स्वतंत्र आणि नीट काढलेले छायाचित्र किंवा रेखाचित्र शाळेने करावे. त्याची एक प्रत त्याच्या घरी जावी आणि एक शाळेच्या दप्तरी राहावी.

ग्रुप फोटो कसा निघतो, हे निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर संस्थेचे पदाधिकारी, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक आणि शिक्षक बसतात. त्यांच्या पायांशी सतरंजीवर लहान चणीची मुले मांडी घालतात, खुर्च्यांमागे एक रांग उभी राहते, आणि तिच्याही मागे वर्गातले बाक आणून उरलेली मुले त्यांवर चढवली जातात. फोटोग्राफर कितीही ओरडला तरी शेवटच्या रांगेतल्या मुलाचे कपाळ आणि दोन डोळे तेवढे येतात. पुढे हा फोटो लॅमिनेट होऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत लागतो आणि ज्यांना परवडते ती मुले त्याची लहान प्रत विकत घेतात. त्या प्रतीत एका मुलाच्या वाट्याला तुरीच्या दाण्याएवढी जागा येते. समारंभ ज्यांच्यासाठी भरवला, त्यांना एवढीच जागा मिळावी, हे मला कधीच पटलेले नाही.

वसतिगृहात वाढणाऱ्या मुलाची गोष्ट घरी राहणाऱ्या मुलापेक्षा वेगळी असते. पहिलीत किंवा पाचवीत आलेला मुलगा दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेवढा घरी जातो. त्याचे दुधाचे दात पडलेले, त्याचा आवाज फुटलेला, त्याला मिसरूड आलेले शाळा पाहते. आईबाप पाहत नाहीत. घरच्या लग्नकार्यांत फोटो निघतात, पण त्या वेळी तो बहुतेकदा शाळेत असतो. त्याचे जे फोटो असतात ते ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पासपोर्ट आकाराचे, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, जातीच्या दाखल्यासाठी, बँकेच्या खात्यासाठी आणि बोर्डाच्या हॉल तिकिटासाठी काढलेले. हे सगळे कार्यालयांच्या कामाचे. घरच्या माणसांनी मुलाकडे पाहावे म्हणून काढलेला फोटो अनेक घरांत एकही नसतो. आता सगळ्यांकडे मोबाइल आले, असे कोणी म्हणेल. पण वसतिगृहातल्या मुलाजवळ मोबाइल नसतो, आणि बापाच्या मोबाइलमधले फोटो तो मोबाइल बिघडेपर्यंतचेच असतात.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा पुढे ऐन उमेदीत शेतात वीज पडून गेला. त्याच्या तेरवीला मी गेलो होतो. घरात दुसरा फोटो नसल्यामुळे हॉल तिकिटावरचाच फोटो मोठा करून आणला होता. त्यावर शाळेच्या गोल शिक्क्याची निळी कड गालापर्यंत आली होती. स्टुडिओवाल्याने ती पुसण्याचा प्रयत्न केला, त्यात मुलाचा एक कान गेला. हार त्याच फोटोला घातला होता. दहा वर्षे तो मुलगा आमच्याजवळ राहिला होता, आणि एवढ्या वर्षांत त्याचा एक धड फोटो घरी पोहोचवणे शाळेला सहज शक्य होते.

शाळा सोडणाऱ्या मुलांची चित्रे जपण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्यातल्या एका चित्राचा आपल्या वऱ्हाडाशी संबंध आहे. इंग्लंडमध्ये विंडसरजवळ ईटन ही मुलांची निवासी शाळा आहे. सहाव्या हेन्री राजाने ती १४४० मध्ये स्थापन केली. तेथे शाळा सोडताना मुलाने मुख्याध्यापकांना काही रक्कम देण्याचा रिवाज होता. अठराव्या शतकात, एडवर्ड बर्नार्ड हे मुख्याध्यापक असताना, निवडक मुलांकडून रकमेऐवजी त्यांचे तैलचित्र घेण्याची प्रथा पडली. रेनॉल्ड्स, रॉम्नी, लॉरेन्स अशा त्या काळच्या नामवंत चित्रकारांनी ती चित्रे काढली आणि शाळेने ती जपली. रॉम्नी यांनी काढलेल्या अशा एका चित्रातला तरुण म्हणजे पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झालेला रिचर्ड वेलस्ली. त्याच्याच कारकिर्दीत, त्याचा धाकटा भाऊ आर्थर याच्या फौजेपुढे १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. वेलस्लीचा तरुणपणीचा चेहरा आज कोणालाही पाहता येतो. गाविलगड राखताना पडलेल्या साध्या शिपायांचे चेहरे कोणाला ठाऊक आहेत? कोणाचा चेहरा राहतो आणि कोणाचा पुसला जातो, हे पैशावर आणि घराण्यावर ठरत आले आहे.

म्हणून ईटनची रीत आपण घ्यावी, तिच्यातली निवड मात्र घेऊ नये. आपल्या भागात वसतिगृहे निघाली तीच मुळी वेगळ्या हेतूने. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांनी सुरू केलेले श्रद्धानंद छात्रालय घ्या किंवा नागपूरचे चोखामेळा वसतिगृह घ्या, ज्यांच्यासाठी शिक्षणाची दारे बंद होती, त्यांना राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून ही कामे उभी राहिली. त्याच वाटेने चालणाऱ्या शाळांनी गुणवंतांचे फोटो फलकावर आणि बाकीच्यांची नावे केवळ जनरल रजिस्टरमध्ये, असा भेद निरोपाच्या दिवशी तरी करू नये.

मी पांढरकवडा भागातल्या एका निवासी शाळेत चित्रकला शिकवत होतो. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा समाजांची, पोडांवरून (कोलामांच्या वस्त्यांवरून) आणि तांड्यांवरून आलेली मुले तिथे होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची तयारी दरवर्षी होई. त्या परीक्षांत वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून काढण्याचा प्रश्न मात्र नसतो. स्मरणचित्रात बाजारातली, जत्रेतली माणसे येतात, पण ती लांबची असतात आणि त्यांना नाकडोळे नसले तरी चालते. म्हणून परीक्षा आटोपल्यावर आम्ही नववीच्या मुलांकडून दहावीच्या मुलांची पेन्सिलने रेखाचित्रे काढून घेऊ लागलो.

रविवारी सकाळी अंघोळी उरकल्या की मुले व्हरांड्यात जोडीजोडीने समोरासमोर बसत. जाड ड्रॉइंग पेपरचा तुकडा, पुठ्ठ्याचे पॅड आणि ‘४ बी’ची मऊ पेन्सिल एवढेच साहित्य. सुरुवातीला नुसते खिदळणे चाले. मग हळूहळू सगळे गप्प होत, कारण काढायचे म्हटले की पाहावे लागते, आणि वर्षानुवर्षे एका खोलीत शेजारी वळकट्या टाकून झोपणारी मुले एकमेकांकडे इतके टक लावून कधी पाहत नाहीत. डोळे डोक्याच्या मध्यावर असतात हे कितीही सांगितले तरी मुले ते कपाळाकडे चढवत. पण पाहिलेली बारीकशी खूण त्यांच्या हातून सुटत नसे. एका मुलाची उजवी भुवई खो-खोच्या खांबावर आदळून फुटली होती आणि तिथे केस पुन्हा आले नव्हते. काढणाऱ्याने तेवढी जागा कोरी ठेवली. चित्र हातात घेतल्यावर त्या मुलाने आधी त्या भुवईवर बोट ठेवले आणि मग स्वतःचे नाव वाचले. प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव, गाव, साल आणि काढणाऱ्याने त्याच्याविषयी लिहिलेले एक वाक्य असे. ‘गणित अडले तर याच्याकडे जावे’, ‘मला पोहायला याने शिकवले’, ‘ताप आला तेव्हा याने माझे ताट आणून दिले’. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांना सारखेच ‘चांगली’ मिळते. त्या रकान्यात मावत नाही ते या वाक्यांत येत होते.

एका वर्षी सर्व मुलांचे स्वतंत्र फोटो तालुक्याच्या एका स्टुडिओकडून काढून घेतले गेले. हेतू चांगला होता. पण प्रिंट आल्या तेव्हा सगळ्या मुलांचे रंग उजळ केलेले, गालांवरचे डाग पुसलेले आणि ओठ लालसर झालेले होते. न्यायला आलेल्या एका कोलाम आईने प्रिंट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “गुरुजी, हा तं कोन्या शहरातला पोट्टा दिसते. आमचा असा नाही जी.” ती प्रिंट तिने नेली नाही. उन्हात राबणाऱ्या आईबापांच्या मुलाला शाळेतून जाताना आपण त्याचाच चेहरा दुरुस्त करून देतो, म्हणजे तुझा रंग चुकला आहे असे त्याच्या हातात लेखी देतो. यासारखा अपमान निरोपाच्या दिवशी शाळेकडून होता कामा नये. मोबाइलमधले ब्युटी मोड आणि फिल्टर याच कारणासाठी आधी बंद करावेत.

बाकी काम अवघड नाही. शिक्षकाचा साधा मोबाइल पुरतो. दुपारच्या उन्हात फोटो काढला तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी व्हरांड्याच्या सावलीत, मुलाचे तोंड उजेडाकडे करून, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून आणि दोन पावले मागे राहून काढावा. गणवेश घालायचा की घरचे कपडे, हे मुलाला ठरवू द्यावे. प्रिंट पोस्टकार्ड आकाराची करावी आणि मागे नाव, गाव व साल पेन्सिलने लिहावे, कारण शाई कालांतराने कागदातून पुढे उमटते. शाळेची प्रत टिनाच्या छपराखाली भिंतीवर टांगण्यापेक्षा अल्बममध्ये, लोखंडी कपाटात ठेवावी. आपल्याकडचा उन्हाळा, पावसाळ्यातली ओल आणि वाळवी यांतून तीच टिकेल. मुले अठरा वर्षांखालील असतात, तेव्हा पालकांची संमती घ्यावी आणि हे फोटो शाळेच्या किंवा संस्थेच्या व्हॉट्सॲप गटांवर, फेसबुकवर टाकू नयेत. ते मुलासाठी आणि त्याच्या घरासाठी आहेत.

खर्चाचा प्रश्न निघेल, म्हणून सांगतो. पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या एका शालीच्या किमतीत कितीतरी मुलांच्या प्रिंट निघतात. यासाठी नवीन योजना नको, निविदा तर नकोच. आदिवासी विकास विभागाच्या अमरावती आणि नागपूर येथील अपर आयुक्तांनी व समाजकल्याण कार्यालयांनी आपापल्या शाळा-वसतिगृहांना एक साधी सूचना दिली तरी पुरे. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या जुन्या शाळेत हा भार उचलावा.

अनेक शाळांमध्ये आज पूर्णवेळ चित्रकला शिक्षक नाही, याची मला जाणीव आहे. अशा ठिकाणी जवळपासच्या निवृत्त कलाशिक्षकांना हक्काने बोलवावे. पांढरकवडा, घाटंजी आणि मारेगाव तालुक्यांतील कोणत्याही निवासी शाळेने कळवल्यास कागद आणि पेन्सिली घेऊन मी स्वतः येईन; निरोप समारंभाच्या आधीच्या एका रविवारची सकाळ तेवढी शाळेने मोकळी ठेवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. केळापूर, जि. यवतमाळ