वहीतली एक खोटी नोंद

बडोदे,
आश्विन वद्य तृतीया

प्रिय बाळ,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपूर्वी लिहीन म्हणालो होतो, ती दिवाळी मागची. प्रकृती ठीक, साखर जागच्या जागी. आज लिहायला बसलो, कारण काल मी आपल्या पक्ष्यांच्या वहीत खोटी नोंद केली आणि हे ऐकून न हसणारा माणूस तुझ्याखेरीज मला नाही.

नातवाला घेऊन कंबोईला गेलो होतो. कोजागरीचे उधाण होते. खंभातच्या आखातात भरती किती चढते हे तुला सांगायला नको. स्तंभेश्वराची पिंडी बघता बघता पाण्याखाली गेली आणि दूर चिखलात विखुरलेले पाणटिवळे पक्षी काठाशी, अगदी आमच्या पुढ्यात आले. डोक्यावर पिवळे चतुर घिरट्या घालत होते. या दिवसांत ते समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतात, हे सांगताना मी तुझाच आवाज काढला. वाळक्या बाभळीवर राखाडी, लोकरीसारखी अळंबी होती. नातवाने तिच्यावर पाणी शिंपडले, तर डबा खाऊन होईपर्यंत तिच्या पोटाकडच्या, मधोमध चिरलेल्या पट्ट्या उलगडू लागल्या होत्या.

मग तो म्हणाला, “आजोबा, बांधापलीकडे तुतवार ओरडतोय.” तीनदा म्हणाला. मला लाटा ऐकू येत होत्या, ट्रॅक्टर ऐकू येत होता, ती बारीक शीळ मात्र नाही. मी मान डोलावली आणि लिहिले: ‘तुतवार, 1, फक्त आवाज, दोघांनी ऐकला.’

वयाबरोबर चढे स्वर आधी जातात, हे मला ठाऊक आहे. यंत्र घेईन, तू ओरडू नकोस. पण 1987 च्या डिसेंबरात तुझी हीच नोंद मी लाल शाईने खोडली होती. एकट्याने ऐकलेले धरायचे नाही, हा नियम माझाच. तू रुसून एस.टी.त मागच्या बाकावर बसलास आणि जंबुसरपर्यंत बोलला नाहीस. तिथे भजी मात्र माझ्या पैशाने खाल्लीस. त्या दिवशी तू बांधाच्या आडोशाला होतास आणि मी भर वाऱ्यात उभा होतो, हे मला काल रात्री आठवले. तू ऐकलाच असशील.

आता कालची ओळ खोडावी, तर नियमाने नातवाचा तुतवारही जातो, आणि तो त्याचा पहिला आहे. ठेवावी, तर तुझा परत द्यावा लागेल.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीची बदली झाली का?

लाल पेन टेबलावर काढून ठेवले आहे. तुझे उत्तर येईपर्यंत टोपण उघडत नाही.

तुझा,
अण्णा