चार तासांचं औषध

चेंबूर, मुंबई

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "कॅल्शियमवर मारा करून मिळवता तरी काय?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मिळतं ते स्कँडियम-४४, शरीरातली गाठ स्कॅनमध्ये दाखवणारं किरणोत्सर्गी द्रव्य. नावापुढचा आकडा म्हणजे अणूच्या केंद्रकातले एकूण कण. सायक्लोट्रॉनमधला (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातला) प्रोटॉन कॅल्शियम-४४ च्या केंद्रकात शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि कॅल्शियमचं स्कँडियम होतं. प्रोटॉनची ऊर्जा ११ एमईव्हीच्या (हे अशा कणांच्या ऊर्जेचं माप) आसपास राखायची; फार वाढवली तर दोन न्यूट्रॉन उडतात आणि स्कँडियम-४३ ची भेसळ होते. खरी अडचण मालाची. खडू घ्या की शिंपला, त्यातल्या कॅल्शियममध्ये हे ४४ शंभरात जेमतेम दोन. वेगळं काढलेलं मिळतं, पण फार महाग. म्हणून टार्गेट, म्हणजे मारा केलेलं कॅल्शियम, आम्लात विरघळवून रेझिनच्या (ठरावीक धातू धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) नळीतून सोडतो. स्कँडियम रेझिनला धरून राहतं, कॅल्शियम खाली उतरतं. ते पाणी ओतून द्यायचं नाही. त्यातलं कॅल्शियम साका म्हणून बसवायचं, वाळवायचं, पुन्हा वापरायचं. बाटलीच्या काठाची पांढरी भुकटीसुद्धा मी विसळून घेते.

एवढा खटाटोप का, ते काकूच्या वेळी तुम्ही पाहिलंत. एका स्कॅनसाठी तिला नाशिकहून इथे आणावं लागलं. त्या स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सर्गी गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. गाडीने नाशिकला पोचेपर्यंत दहावा हिस्साही उरणार नाही. स्कँडियम-४४ निम्मं व्हायला चार तास घेतं, म्हणजे अर्धं हातात राहील. पेशंटऐवजी औषधाने प्रवास करावा, मला एवढंच हवंय. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटने बनवलेलं स्कँडियम जर्मनीत बाड बेर्का गावच्या इस्पितळाला पाठवून पेशंटचं स्कॅन झालेलंही आहे.

याचाच भाऊ स्कँडियम-४७, साडेतीन दिवसांच्या आत निम्मा होणारा, गाठीवर उपचार करू शकतो. रसायन तेच, त्यामुळे ४४ ने गाठ दाखवायची आणि त्याच वाहक रेणूवर (औषध गाठीपर्यंत नेणाऱ्या रेणूवर) ४७ बसवून ती जाळायची.

आई, तू किरणांची काळजी करतेस. काम शिशाच्या भिंतीआड चालतं, छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा. वर्षाची कमाल मर्यादा ३० मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या मात्रेचं माप). माझं रीडिंग त्याच्या जवळपासही नाही.

काकूची तपासणीची तारीख आली की आधी कळवा. लॉज बघू नका, माझ्याकडेच उतरा.

तुमची,
ताई